बिनओटीची वेचणी

बोरखेडी, तालुका आर्वी
१४ जून १९७९

नलू बेटा,

तुझ्या डोक्यावर हात. हात बोरखेडीत अन् डोकं नागपूरले, तरी ठेवला असं समज.

पाकीट पाहून घाबरू नको. कोणी मेलं नाई. तुझी आजी भागीरथा जागेवर हाये. दात गेले, जीभ राह्यली. मले अक्षर येत नाई हे तुले माहीतच हाये. अंगठा लावते तं तोही उलटा लागते म्हणतात. म्हणून मी बोलून राह्यली अन् लिहिणारी लिहून राह्यली. ती कोण, हे विचारू नको. अक्षर चांगलं अन् तोंड बंद, मले दोन्ही पायजे होतं. खोड एकच, मी 'पानी' म्हटलं का ती 'पाणी' लिहिते. म्हटलं, पाण्याचं काय करायचं ते कर, पण माझ्या 'मले'ले हात लावू नको, नाई तं पोरीले वाटंल, आजीले कोण्या मास्तरणीनं गिळून टाकलं.

चार दिवाळ्या झाल्या, तू गावात पाय टाकला नाई. कार्ड येते, 'मी बरी आहे.' पुढच्या कार्डातही 'मी बरी आहे.' पोस्टमन आता न वाचताच सांगते. तानबा कंडक्टर तुझ्या दवाखान्यात दाण्याचे लाडू घेऊन गेलता. तो म्हणे, आजी, नात तुझी नर्सबाई शोभते, पांढऱ्या कपड्यात दिसते चांगली, पण उभी राह्यली का मुठी आवळून उभी राह्यते, जसं हातातलं कोणी हिसकून नेणार हाये. ते ऐकल्यापासून मले घास गोड लागत नाई. लागते, पण कमी लागते.

मी आजकाल दर शनिवारी आर्वीले जाते. बाजाराले नाई. पहिल्यांदा तं भांडाले गेलती.

झालं असं, का गावात खबर आली, अण्णाजी शेठच्या कापसाच्या गोदामात बाया जमतात, डोळे मिटून उभ्या राह्यतात, कोणी डोलते, कोणी रडते. म्हटलं, झालं, आणखी कोण्या पोरीले पाटावर बसवून राह्यले.

तुझा पाट मी विसरली नाई, नलू. सोळाव्या वर्षी नवरात्राच्या आरतीत तू डोलाले लागली अन् लोक म्हणे, देवी आली. तुझ्या बापाले, माझ्या रूपरावले, आभाळ ठेंगणं झालं. त्यानं ओसरीत पाट मांडला. दर मंगळवारी तू त्याच्यावर, अन् पुढं नारळ घेऊन लोकं. माझी म्हैस कधी वेते, माझा जावई कधी सुधरते. मी म्हटलं, पोरीले झोपू द्या. तं मले म्हणे, आई, तुले देवाधर्मातलं काय समजते. मंग ते घटसर्पाचं लेकरू आलं. देवी म्हणाली, जगते. म्हणून त्याले दवाखान्यात नेलं नाई. अन् ते नाई जगलं.

नागपूरले जायच्या दिवशी फाट्यावर तू मले विचारलं होतं, "आजी, अंगात यायचं ते खरं होतं, की मीच करत होते?"

मी म्हटलं, "बस आली, बस."

बस खरंच आलती. पण ते उत्तर नव्हतं.

तं मी भांडाले गेली. गोदामाच्या दारात एक उंच बाई उभी, हमीदाबी, आर्वीच्या पिंजाऱ्याची बायको. तिले म्हटलं, तुमची देवी कोणती, अन् पाट कुठं ठेवला. ती हसली. म्हणे, इथं पाट नाई, इथं कोणी सांगत नाई अन् कोणी विचारत नाई; ज्यानं त्यानं आपल्या मालिकच्या पुढं उभं राहायचं अन् सोडून द्यायचं. म्हटलं, काय सोडायचं? म्हणे, तेच तं आधी माहीत नसते.

हे सगळं अण्णाजी शेठनं आणलं. कापसाच्या कामानं तो मद्रासकडे गेलता. लोक तिकडून लुगडं आणतात, त्यानं हे आणलं. त्याले परदेशातलं काहीतरी नाव हाये, माझ्या तोंडात बसत नाई, मी आपलं 'उभं राहणं' म्हणते. पुरुष पलीकडच्या शेडमधे, बाया गोदामात. धर्म सोडा असं कोणाले म्हणत नाई. हमीदाबी नमाज पढून येते. दवाखान्यातली एक बाई गळ्यात क्रूस घालून येते, एक थेट बुद्धविहारातून येते, अन् शेठाणी एकादशीची उपाशी येते. नवीन माणसाले मात्र लगेच आत घेत नाई. पुष्कळ दिवस बाहेर बसवतात, मन ठरते का पळते ते पाहाले.

म्हणून मी सध्या बाहेर बसते, सरकीच्या पोत्यावर. दार लागते, अन् थोड्या वेळानं आतून आवाज याले लागते. पहिल्या दिवशी मी दाराले कान लावला. कोणी गाते, त्यात शब्द नाई. कोणी हुंदके देते. कोणी झोक्यावरच्या पोरीसारखं हसते. सगळं एकदमच, अन् तरी कल्ला नाई. सांजच्याले वासरं सुटतात, एकेक आपापल्या गाईकडे जाते, एकही चुकत नाई, तसं. मी भांडाले म्हणून पदर खोचून आलती. तो कधी सुटला, मले समजलं नाई.

ऐकलं तेवढं सांगितलं. जवाब दे म्हणत नाई. 'मी बरी आहे' तेवढं जरा लांब लिही.

तुझी आजी


२३ ऑगस्ट १९७९

नलू,

काल पोळा झाला. बैल सजले, माणसं होती तशीच राह्यली. तुझं कार्ड भेटलं, 'मी बरी आहे, काळजी करू नये.' तीन शब्द वाढले म्हणून लिहिणारीले मी ते पुन्हा पुन्हा वाचाले लावलं. शेवटी ती म्हणे, आजी, कितीही वाचलं तरी एवढंच हाये.

मले आत घेतलं.

काही थाट नाई. हमीदाबीचे रोजे नुकतेच लागले होते, ओठ सुकले होते, तरी माझ्या बाजूले येऊन उभी राह्यली. म्हणे, आजी, मागू नका अन् थांबवू नका. नको वाटलं तं डोळे उघडा, थांबते. बस, एवढाच मंत्र. मी म्हटलं, आमच्या गावच्या भगताले कळलं तं तो उपाशी मरंल.

पहिले काही शनिवार तं गुडघ्यांशिवाय मले कोणी भेटलं नाई. डोळे मिटावं तं डास चावे, अन् मन डाळ भिजत टाकली का नाई तिथं जाऊन बसे. एकदा मी एक डोळा उघडून पाह्यलं. शेठाणी, जिले रस्त्यानं जाताना मान वळवता येत नाई एवढं सोनं, ती भिंतीशी गोल गोल फिरून राह्यली होती, चिमणीसारखी. नंतर हमीदाबी चपला घालता घालता मले म्हणे, "आजी, आपल्या अंगणात पाहा." तिचे डोळे मिटलेले होते, मले पक्कं माहीत हाये. कसं कळलं, ते त्या मालिकले ठाऊक.

मंग पोळ्याच्या आधीचा शनिवार. मी उभी. मनात काही मोठं नाई, पावसाळ्यात गवऱ्या वाळत नाई हेच. अन् माझा उजवा हात वर आला.

नलू, माझा हात मले माहीत हाये. जन्मभर मीच हलवला त्याले. त्या दिवशी मी हलवला नाई. कोणी ओढलाही नाई. पहाटे झाडाचं पान हलते अन् वारा तं कुठं दिसत नाई, तसा तो उठला. मंग डावा उठला. अन् बोटं वेचाले लागली. बोंडातून कापूस काढावा तशी, कपाशीच्या ओळीत चालावं तशी. वेचायचं तं मी परकरात असल्यापासून वेचते. वेचलं का कमरेच्या ओटीत टाकायचं, ओटी भरली का गंजीवर रिचवायची. हात आपल्या सवयीनं कमरेकडे वळले, अन् ओटीच नाई.

वेचलेलं ठेवावं कुठं? हात तसेच अधांतरी राह्यले. मंग ते उघडले. मी उघडले नाई, उघडले. जे होतं ते गेलं. परत वेचलं, परत गेलं. तुझा आजा गेला, त्याले मी अजून धरून होती. फाट्यावरची तुझी बस गेली. रूपराववरचा राग गेला, तो तं चांगला मणभर होता. गळ्यातून हूं हूं असा आवाज निघत होता, त्याले चाल होती पण ती मी कधी शिकली नाई. अन् हे सारं ज्याच्यानं होत होतं ते एवढं मोठं होतं अन् एवढं हलकं, का कसं सांगू. पुराच्या नदीकाठी उभं राह्यलं का पाय आपसूक मागं सरतात, अन् डोळे मात्र हटत नाई. तसं. भीती नव्हती, पण मी लहान होती. एवढी लहान मी लहानपणीही नव्हती.

एक गोष्ट ध्यानात ठेव. ते काही बोललं नाई. मी कान लावून होती. एक शब्द नाई.

मंग हमीदाबी म्हणे, बस्स, अन् सगळ्या आपल्या चपला शोधाले लागल्या. कोणी मले विचारलं नाई, आजी, काय झालं, काय दिसलं. आपल्या गावात शिंक आली तरी चार जणी कारण विचारतात. इथं माझं जग हललं, अन् एक बाई म्हणे, तुमची पिशवी राह्यली.

परत येताना तानबानं विचारलं, आजी, शेठच्या गोदामातून काय आणलं? म्हटलं, आणलं नाई बाप्पा, ठेवून आली.

तुझं तेव्हा असंच होतं का, हे विचारणार होती. पण विचारायचं नसते. नाई विचारलं असं समज.

आजी


४ ऑक्टोबर १९७९

नलू,

दसरा झाला. सोनं तुझ्या नावानं देवापाशी ठेवलं हाये. बाकी घरात माझं अन् तुझ्या बापाचं बोलणं बंद हाये. मी बोलून राह्यली, तो बंद हाये.

अष्टमीच्या आरतीले मी देवळात गेली. झांजा वाजत होत्या, डोळे मिटले, अन् तेच झालं. हात उठले. डोळे उघडले असते तं थांबलं असतं; पण वाटलं, आपल्याच देवीपुढं तं उभी हाये, थांबवू कायले? वेचलं, सोडलं. गळ्यातून हूं हूं. थोडाच वेळ. अन् डोळे उघडते तं काय, माझे पाय पितळी परातीत. कोणी पाणी टाकून राह्यली, कोणी कपाळाले हातभर कुंकू फासून राह्यली, पुढं नारळायचा ढीग. अन् आपल्या शेजारची तानाबाई साखर वाटून राह्यली. म्हटलं, काय गं, काय झालं? म्हणे, आजीबाईनं सांगितलं, आमच्या पोराले दिवाळीआधी नोकरी लागते.

म्हटलं, मी कधी सांगितलं?

म्हणे, मी विचारलं, अन् तुम्ही हूं म्हटलं.

आता काय करावं? तिचं पोरगं दुपारी बारा वाजता उठते, त्याले नोकरी लावाले देवी कमी पडंल. मी म्हटलं, तानाबाई, मले काही माहीत नाई. मी सगळ्या बायांले मोठ्यानं सांगितलं, मले काही माहीत नाई. तं त्या म्हणे, पाहा, देवी गेली, आता आजीले काहीच आठवत नाई. यावर तू काय बोलशील?

घरी आली तं रूपरावनं माळ्यावरून तुझा पाट काढला होता. ओल्या फडक्यानं पुसून राह्यला होता. त्याच्यावर ओरडाले मी तोंड उघडलं, पण त्याचं तोंड पाह्यलं अन् थांबली. नलू, तो लोभानं पुसत नव्हता. त्याचे डोळे भरलेले होते. तो म्हणे, "आई, आपल्या घरावरून तिची नजर हटली नाई." त्याले खरंच तसं वाटते. तुझ्या वेळीही वाटत होतं. हे मी तुले कधी सांगितलं नाई, कारण तेव्हा मलेच दिसलं नव्हतं.

मंगळवारी सकाळीच लोक आले. मी पाटावर बसली. सगळे हात जोडून खाली. मंग मी विळी मागवली, कोहळं मागवलं, अन् पाटावर बसून कोहळं चिरलं. सगळं चिरलं. कोणी विचारलं का मी म्हणे, बिया वेगळ्या काढा. अर्धे लोक उठून गेले. उरलेले म्हणे, यात काहीतरी अर्थ असंल.

हसू नको. हसली असशील तं हस. पण त्या रात्री मी पडल्या पडल्या विचार करत होती. मी फक्त हूं हूं केलं अन् तानाबाईनं त्यात पोराची नोकरी ऐकली. साखरही वाटली. मंग नलू, तुझ्या तोंडातून ते 'जगते' कोणी ऐकलं? तू बोलली होती का ते? माझं ध्यान तेव्हा चुलीकडे होतं. बाहेर कल्ला झाला तेवढा ऐकला, देवी हो म्हणाली. त्या लेकराच्या मायच्या सगळ्यांत जवळ तूच बसली होती, अन् तिले

लिहिणारीचा हात थांबला. ती म्हणते, आजी, आज एवढंच.

आजी


११ ऑक्टोबर १९७९

नलू,

लिहिणारी आठवडाभर आली नाई. बालवाडी चालू, लेकरांचा आवाज मले घरी येते, पण ही इकडं फिरकत नाई. आज आली. म्हटलं, ये, जिजाबाई.

हो, नाव सांगून टाकलं. आधी सांगितलं असतं तं तू पाकीट फाडून फेकलं असतं, म्हणून लपवलं. बालवाडीची जिजाबाई. जिचं ते लेकरू होतं, ती. मी आर्वीले भांडाले गेली, तेव्हा ही आधीच तिथं सरकीच्या पोत्यावर बसली होती, आत जायची वाट पाहत. तिथंच ती मले म्हणे, आजी, नलूले पत्र लिहायचं असंल तं मी लिहून देते. मले वाटलं, पुण्य करून राह्यली. आज समजलं, तिले स्वतःलेच काही सांगायचं होतं अन् जमत नव्हतं. म्हणून बिचारी माझ्या गवऱ्या अन् कोहळं लिहीत बसली.

मी तिले विचारलं, तू होती, सांग, माझी नात बोलली होती का? पुढचं ती तिच्या शब्दांनी लिहिते. मी पान खाते.

नलू, हे आजींचं नाही, माझं आहे. त्या मंगळवारी माझ्या मांडीवर बाळ होतं आणि तुझा उजवा हात माझ्या हातात होता. माझ्या सासूबाईंनी विचारलं, वाचेल ना? तू काही बोलली नाहीस. तुझे डोळे मिटलेले होते, ओठ मिटलेले होते. तू माझा हात घट्ट दाबलास आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मागून कुणीतरी म्हणालं, देवी हो म्हणाली. मग सगळेच म्हणाले, हो म्हणाली. मीही म्हणाले. तू शुद्धीवर आल्यावर तुला सांगितलं गेलं, आणि तू ते खरं मानलंस. मी गप्प राहिले, कारण देवी बोलली नाही असं म्हटलं असतं, तर बाळाला घरी कुणी ठेवलं हे मला माझ्याच घरात विचारावं लागलं असतं. तू बोलली नव्हतीस. त्या सगळ्या गर्दीत माझ्याबरोबर रडलेली तू एकटीच होतीस. जिजा.

मी तिले वाचून दाखव म्हटलं. तिनं वाचलं. पान माझ्या तोंडात तसंच राह्यलं.

आता तुझा सवाल. उशीर झाला, पण उत्तर घे. आलं ते खरं होतं, बेटा. मी त्याच्यासमोर उभी राह्यली म्हणून सांगते. ते कोणाले नोकरी लावत नाई, म्हैस व्यायची तारीख सांगत नाई. ते तुझ्या हातात आलं अन् तू त्या मायचा हात धरला. तेवढंच त्याचं होतं. बोललं ते आमचं होतं. आमची भीती होती, आमचा लोभ होता, अन् तोंड तुझं वापरलं.

पाट मी माठाखाली ठेवला हाये. माठ आता डगमगत नाई.

आजी


२१ जानेवारी १९८०

नलू,

तू काल गेली अन् मी आजच जिजाबाईले बसवलं. म्हणशील, सांगायचं ते तोंडावर काऊन नाई सांगितलं. शनिवारी तू झोपली होती तेव्हाचं तुले माहीत नाई. ते तुझ्यासमोर मले सांगता आलं नसतं.

दिवाळी गेली, तुझं कार्ड नाई. 'मी बरी आहे' तेवढंही नाई. मार्गशीर्ष गेला. जिजाबाई म्हणे, आजी, माझ्यामुळं झालं. मी म्हटलं, होईल तसं होऊ दे. तोंडानं म्हटलं, हं. रोज दुपारी पोस्टमनच्या सायकलची घंटी ऐकली का ते 'होऊ दे' कुठं पळून जाये, सापडे नाई. गोदामात हात उघडणं सोपं हाये, नलू, अंगणात कठीण.

अन् शनिवारी आर्वीले जाऊन पाहते तं गोदामाच्या दारात तू. हातात नर्सबाईची पिशवी, मुठी वळलेल्या. मले वाटलं धावून जावं. हमीदाबीनं तुझ्याकडे पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, माझी नात हाये, आत घे. ती म्हणे, नवीन माणूस बाहेर बसते, आजी. तुम्ही बसलता ना? तेव्हा मले तिचा एवढा राग आला, का आत मणभर वेचाले काम झालं. पण तू सरळ सरकीच्या पोत्यावर जाऊन बसली. माझ्याच जागेवर.

गोदाम आता कापसानं छतापर्यंत भरलं हाये. आम्ही दोन गंज्यांच्या मधल्या पट्टीत उभ्या, दोन्हीकडे पांढऱ्या भिंती. तिथं आवाज वेगळाच होते, कापूस तो पिऊन टाकते अन् फक्त त्याची ऊब परत देते. मी डोळे मिटले. पहिल्यांदाच मी काही मागितलं. मागायचं नसते, तरी मागितलं, का दाराबाहेर जी बसली हाये तिचं पाहा. हात उठलेच नाई. किती वेळ उभी होती, लाकडासारखी. मंग माझ्याच मनात आलं, अगं बुढे, एवढं मोठं ते, दाराच्या आत हाये अन् बाहेर नाई असं कसं होईल? अन् मी तुले सोडलं. तुले, नलू. तू आली तं आली, पळाली तं पळाली. तेव्हा कुठं हात वर आले. त्या दिवशी वेचलंच नाई, नुसते उघडे राह्यले.

बस्स झालं, दार उघडलं. बाहेर ऊन होतं, हिवाळ्याचं, उतरतं. अन् तू पोत्यांवर आडवी झोपली होती. घोरत होती बेटा, तुझ्या आज्यासारखी. केसात कापसाचे तंतू. मुठी सुटलेल्या, दोन्ही पंजे वर, जसं लहान लेकरू झोपते. हे मले तुझ्या तोंडावर कसं सांगता आलं असतं?

सगळ्या बाया बाहेर आल्या. तुझी कथा त्यांले माहीत हाये, आर्वीत काय लपते? एकीनंही मले विचारलं नाई, हीच का ती. शेठाणी सोनं हातानं दाबून धरून गेली, वाजू नये म्हणून. हमीदाबीनं चपला हातात घेतल्या. जिजाबाई तुझ्या उशाशी बसली. तिनं तुझा उजवा हात हातात घ्यावा म्हणून हात पुढं केला, अन् मंग नाई घेतला. तसाच बाजूले ठेवला, जवळ. हे ती लिहायले तयार नव्हती. म्हटलं, लिही.

तितक्यात तुझा बाप बैल जुपून बंडी घेऊन आला. कोणी सांगितलं त्याले, तानबानंच असंल. तू त्याले दिसली. त्यानं तोंड उघडलं, मी पाह्यलं, अन् त्यानं मिटलं. त्यानं डोक्याचा शेला सोडला अन् तुझ्या तोंडावर ऊन येत होतं तिथं धरून उभा राह्यला. बैलासारखा, हलला नाई. जागी झाल्यावर तुले तो बंडीपाशी दिसला, वैरण टाकताना. त्याच्या आधी तो कुठं होता, ते आता समजलं.

तू उठली अन् मले म्हणाली, "आजी, कोणी काही विचारलं नाही."

मी म्हटलं, "नाई."

तू म्हणाली, "मी किती वेळ झोपले?"

म्हटलं, मले काही माहीत नाई. तेही खरं नव्हतं. माहीत होतं. कारण तू झोपली होती तेव्हा रस्त्यावर एसटी येऊन थांबली, बोरखेडीची, दिवसाची शेवटची. तानबानं दारातून पाह्यलं. त्यानं घंटी वाजवली, मंग अजून एकदा हळूच वाजवली. सारी बस खिडकीतून आमच्याकडे पाहून राह्यली होती.

बस आलती, नलू. मी हातानंच सांगितलं, जाऊ दे.

आजी